घारबाईंचं बदक

घारबाईंना घारबाई हे नाव पडलं तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. त्याआधी तीस वर्षं त्या नुसत्या शिवणवाल्या बाई होत्या. त्यांचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची, रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली असलेली खोली. आत एक पायमशीन, कापड बेतायचं लांब टेबल, इस्त्री आणि भिंतीला टेकवलेला उभा आरसा. खिडकी होती, पण ती थेट फुटपाथच्या पातळीवर उघडायची, त्यामुळे बाईंना दिसायचे ते फक्त लोकांचे पाय. कुणाची पँट कुठे उसवलीय हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळायचं. बँकेतल्या साहेबांना त्यांनी एकदा बाजारात ओळखलं नाही, पण खाली बूट बघितले आणि म्हणाल्या, "अरे, तुम्ही होय."

त्यांचा नवरा बसड्रायव्हर. निवृत्त झाल्यावरही सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. एकतीस वर्षं गाडी चालवून काकांना दोन सवयी लागल्या होत्या. समोरून नजर हलवायची नाही, आणि जे दिसेल ते मोठ्यांदा बोलून दाखवायचं. घरात बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तरी ते पेपरमागून म्हणायचे, "उजवीकडून बायको."

ड्रोन या घरात आला तो बाईंच्या भाचीमुळे. ती लग्नाबिग्नांची शूटिंग करायची. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली, तेव्हा जाताना ती एक काळी पेटी मावशीच्या कापायच्या टेबलावर ठेवून गेली.

"मावशी, कुणी घेणारा भेटला तर देऊन टाक. नाहीतर राहू दे इथेच."

"आणि तोवर मी याचं काय करू?"

"काही नको करू. अधूनमधून बॅटरी चार्ज कर म्हणजे झालं."

बाईंनी तीन आठवडे इमानेइतबारे फक्त बॅटरी चार्ज केली. चौथ्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, पेटी घेऊन त्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या. सोबत काका होते, हातात माहितीपुस्तिका आणि नाकावर चष्मा. काकांनी वाचायचं आणि बाईंनी करायचं असं ठरलं होतं. काका तिसऱ्या पानावर असतानाच चार पाती भिरभिरली आणि तो डबा सरळ वर गेला.

बाईंच्या हातातल्या छोट्या पडद्यावर आधी गच्ची दिसली. गच्चीवर दोन ठिपके, त्यातला एक टक्कल असलेला. मग इमारत काडेपेटीएवढी झाली, मग रस्ता नाडीसारखा, मग नदी आणि नदीपलीकडचं मैदान. तीस वर्षं ज्या बाईंनी लोकांचे घोटे पाहिले, त्यांना एकदम सगळ्या गावाचं डोकं दिसलं. त्यांच्या पोटात झोपाळा उंच गेल्यावर होतं तसं झालं आणि त्या हसायला लागल्या. हसू थांबेना. शेवटी त्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून खाली बसल्या. रिमोट मात्र घट्ट धरलेला.

"अगं, काय झालं? चक्कर आली का?" काका म्हणाले.

"अहो, आपण किती लहान आहोत," बाई म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

ड्रोन विकायचा विषय तिथेच संपला.

परवान्याची परीक्षा असते हे कळल्यावर बाईंनी दोन महिने अभ्यास केला. बॉबिन भरता भरता त्या नियम पाठ करायच्या आणि काका प्रश्न विचारायचे. त्यात एक नियम असा निघाला की उडवणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात, म्हणून दुसऱ्या एका माणसाने सतत आकाशाकडे बघत राहायचं. काकांनी पुस्तिका मिटली. "म्हणजे हे माझं काम," ते म्हणाले. त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपल्याला कुठेतरी वेळेवर पोचायचंय असं वाटलं.

मग ही जोडी गावात ठिकठिकाणी दिसू लागली. शाळांच्या शर्यती, मैदानातल्या गाण्याच्या मैफली, पुलावरून निघणारी सायकलफेरी. बाई मान खाली घालून पडद्याकडे बघत उभ्या असायच्या आणि शेजारी काका मान वर करून. "समोरून कावळा. डावीकडे पतंग, अजून लांब आहे. कावळा गेला. रस्ता मोकळा." लोक शूटिंगपेक्षा काकांनाच बघायला थांबायचे. बाजारातल्या एका भाजीवाल्याने बाईंना घारबाई म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाईंचा एक हट्ट होता. गर्दीच्या डोक्यावरून त्या ड्रोन कधीच नेत नसत. गर्दीच्या कडेने, झाडांवरून, नदीवरून, रिकाम्या रस्त्यावरून उडवायचा आणि कॅमेरा तिरका करून गर्दी टिपायची. पाहणाऱ्याला वाटायचं की आपण माणसांच्या बरोब्बर वर तरंगतोय. नियम तसा होताच, पण नियम नसता तरी त्यांनी तेच केलं असतं. शिवताना सुईखाली बोट घालायचं नाही, इतकं ते त्यांच्या दृष्टीने साधं होतं.

या हट्टापायीच पुढचं सगळं घडलं.

त्या वर्षी नगरपालिकेला विक्रम करायची हुक्की आली. गावाच्या शिक्क्यावर पहिल्यापासून एक बदक आहे. नदीत बदकं फार, म्हणून. तर नगराध्यक्षांनी ठरवलं की नदीकाठच्या मैदानावर चार हजार माणसं उभी करून त्यांचं एक बदक करायचं. पिवळे शर्ट घातलेल्यांचं अंग, केशरी टॉवेल डोक्यावर घेतलेल्यांची चोच आणि काळ्या टोप्यांचा डोळा. हे बदक पाच मिनिटं हललं नाही आणि त्याचा वरून घेतलेला सलग व्हिडिओ असला की विक्रमांच्या पुस्तकात नाव. बाहेरगावाहून एक परीक्षकबाई येणार होत्या.

घारबाईंना नगरपालिकेत बोलावणं आलं. नगराध्यक्ष गोल चेहऱ्याचे, उत्साही गृहस्थ. उन्हातली नवी पिवळी गवती टोपी त्यांनी ऑफिसातही काढली नव्हती.

"तर बाई, तुम्ही बरोबर मध्यावर जायचं. सरळ वर. आणि कॅमेरा सरळ खाली," ते म्हणाले.

"म्हणजे माणसांच्या डोक्यावर."

"हो, मग बदक कुठे आहे? डोक्यांचंच आहे."

"डोक्यावरून मी उडवत नाही साहेब."

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. काय होतंय पाच मिनिटांत?"

बाईंनी जरा विचार केला. मग त्यांनी शिपायाला चहाच्या खोलीतून साखरेची किलोची पुडी आणायला सांगितली. नगराध्यक्षांना वाटलं बाई चहा करतात की काय. बाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, टोपी जरा देता?" टोपी घेऊन त्या खाली गेल्या, जिन्याच्या पायथ्याशी एका स्टुलावर ती नीट ठेवली, पुन्हा दोन मजले चढून आल्या आणि कठड्यावरून वाकून पुडी सोडून दिली.

आवाज ऐकून अख्खं ऑफिस बाहेर आलं. पुडी फुटून साखर पायऱ्यांवर पसरली होती. टोपीची पोळी झाली होती आणि स्टुलाचा एक पाय वाकडा झाला होता.

"माझा ड्रोन साधारण एवढ्याच वजनाचा आहे," बाई म्हणाल्या. "आणि हा फक्त दुसरा मजला आहे."

नगराध्यक्षांनी कठड्याला धरून खाली बघितलं. हात आपोआप डोक्यावरून फिरला. मग ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. पण मला बदक पाहिजे."

आता खरी पंचाईत झाली. बाजूने, नदीवरून कॅमेरा तिरका धरला की मैदानावरचं चित्र चेपून दिसणार. बदक न दिसता कुणीतरी पाय दिलेली चप्पल दिसेल, असं बाईंनी स्वतःच काकांना सांगितलं. तीन दिवस त्यांना काही सुचलं नाही. चौथ्या दिवशी एक कोट बेतताना त्या एकदम थांबल्या. गिऱ्हाईक पोट सुटलेलं होतं. अशा माणसाच्या कोटाचा पुढचा भाग कापडावर आखताना लांब आखावा लागतो, वेडावाकडा दिसतो. अंगावर चढला की सरळ दिसतो, कारण पोट तेवढं कापड खातं. बाईंनी खडू खाली ठेवला आणि शिल्लक राहिलेल्या पिवळ्या अस्तराचं एक बदक कापलं. ते जमिनीवर पसरलं आणि खोलीच्या कोपऱ्यात स्टूल ठेवून त्यावर चढल्या.

चेपकं दिसलं. त्या उतरल्या, मान लांब केली, पुन्हा चढल्या. डोकं बारीक वाटलं. उतरल्या, ते मोठं केलं. अकरा वेळा चढउतार झाल्यावर काका आत आले आणि जमिनीकडे बघून म्हणाले, "जिराफ कुणाला शिवतेयस?"

"इथे या. स्टुलावर चढा आणि मग बोला."

काका चढले. बघत राहिले. जमिनीवरचा तो लांबलचक, मोठ्या डोक्याचा प्राणी इथून गोंडस, गुटगुटीत बदक झाला होता.

"आयला," काका हळूच म्हणाले.

बाईंनी ते बेतलेलं बदक चौकटीच्या कागदावर चढवलं आणि मैदान त्याच हिशोबाने दोऱ्या ताणून आखलं. कबड्डीच्या पटांगणासाठी वापरतात ती पांढरी फक्की घेऊन दोन दिवस त्या आणि काका ओणवे होऊन चालत होते. येणारेजाणारे थांबून बघायचे. मान संपतच नव्हती. कुणी म्हणालं रस्ता आखतायत, कुणी म्हणालं पाण्याची पाइप येतेय. नगराध्यक्ष नवी टोपी घालून आले, मानेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दमले आणि म्हणाले, "बाई, मला फसवत तर नाही ना?" बाईंनी ड्रोन नदीवर नेला आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. रिकाम्या मैदानावरचं फक्कीचं बदक बघून त्यांनी भर उन्हात टोपी काढली.

ठरल्या दिवशी सकाळी आठपासून माणसं यायला लागली. पिवळे शर्ट वाटायच्या टेबलासमोर रांगा लागल्या. जाड्यांना लहान शर्ट मिळाले आणि बारकुळ्यांना मोठे, मग रांगेतच अदलाबदल सुरू झाली. मैदानाच्या एका टोकाला मोठा पडदा उभारला होता, दुमजली बसएवढा, आणि त्यावर ड्रोनमधलं दृश्य थेट दिसणार होतं. ही कल्पना नगराध्यक्षांची. बाईंना ती तेव्हा चांगली वाटली होती.

बदकाचा डोळा पोहण्याच्या क्लबातल्या वयस्कर बायकांना दिला होता. त्यांच्याकडे काळ्या रबरी टोप्या होत्याच. चाळीस जणी, साठीच्या पुढच्या. अंगात सगळ्यांसारखे पिवळे शर्ट आणि डोक्यावर चमचमणाऱ्या काळ्या टोप्या. आपण डोळा आहोत याचा त्यांना इतका अभिमान होता की गालापाशी उभ्या असलेल्या लोकांशी त्या जरा तोऱ्यातच बोलत होत्या.

परीक्षकबाई उंच, काटकुळ्या, गळ्यात शिट्टी आणि दोन स्टॉपवॉच. त्यांनी मोजणीची फाटकं तपासली. चार हजार एकशे बारा माणसं. त्यांनी बाईंचा परवाना वाचला, मग नदीवर आखलेला उडायचा पट्टा बघितला आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

बाई नदीच्या काठावर एका चौकोनी चटईवर उभ्या होत्या. शेजारी चार्ज केलेल्या तीन बॅटऱ्या. प्रत्येक बॅटरी वीस मिनिटं, त्यातली चार-पाच येण्याजाण्यात. ड्रोन उठला, पाण्यावरून वर चढला, फिरला आणि कॅमेऱ्याने मान खाली घातली.

मोठ्या पडद्यावर बदक उमटलं.

चार हजार माणसांनी एकाच वेळी श्वास आत घेतल्याचा आवाज बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सकाळपासून ही माणसं एका न संपणाऱ्या मानेत उभी राहून कुरकुरत होती, आणि आता समोर पिवळंधमक, टवटवीत बदक त्यांच्याकडेच बघत होतं. बाईंना पुन्हा झोपाळ्यावर बसल्यासारखं झालं. अंगठे मात्र स्थिर होते.

"रस्ता मोकळा," काका वर बघत म्हणाले.

परीक्षकबाईंनी शिट्टी वाजवली. एक मिनिट. दोन मिनिटं. बदक चित्रासारखं निश्चल. तीन. चार. नगराध्यक्ष तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते.

चार मिनिटं चाळीस सेकंद झाली तेव्हा डोळ्यातल्या एका बाईंना शिंक आली. त्यांनी ती चार मिनिटं दाबून धरली होती, त्यामुळे ती साधीसुधी शिंक नव्हती. शिंकेबरोबर त्यांची कवळी बाहेर उडाली आणि गवतात पडली. "माझे दात," असं त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या आणि शेजारणीने पाय मागे घेतला. दात पायाखाली येतील म्हणून तिच्या शेजारणीनेही घेतला, आणि मग चाळीसच्या चाळीस जणी खाली वाकल्या.

काळ्या टोप्या खाली गेल्या आणि वर चाळीस पिवळ्या पाठी आल्या. मोठ्या पडद्यावर सगळ्या गावाने पाहिलं: बदकाने डोळा मिचकावला.

मग शेपटीकडून कुणीतरी फिस्स केलं आणि ते हसू अंगातून मानेकडे, मानेतून चोचीकडे धावत गेलं. दात सापडले, बायका उभ्या राहिल्या, बदकाने डोळा उघडला आणि मैदान फुटलं. केशरी टॉवेल हवेत गेले. आपण का हसतोय हे ज्यांना माहीत नव्हतं तेही पोट धरून हसत होते.

परीक्षकबाईंनी स्टॉपवॉच बंद केलं. "आकृती हलली," त्या म्हणाल्या. चेहरा कोरा. "आज संध्याकाळी पाचच्या आत पुन्हा प्रयत्न करता येईल."

बाईंनी ड्रोन उतरवला, बॅटरी बदलली, पुन्हा वर नेला. दुसरी शिट्टी झाली. पण आता कुठलं काय. समोर पडद्यावर बदक, आणि बदकाच्या डोळ्याकडे सगळ्यांचं लक्ष. आता मिचकावेल, मग मिचकावेल. डोळ्यातल्या बायका ओठ घट्ट दाबून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे उडत होते. ते पडद्यावर दिसल्यावर पोटातले लोक हसायला लागले. हसताना माणूस हलतो. चार हजार माणसं आवाज न करता हसायला लागल्यावर बदकाचं पोट अस्सं गदगदायला लागलं की जणू बदकालाच काहीतरी आठवून हसू येतंय. ते बघून आणखी हसू. पन्नास सेकंदांत परीक्षकबाईंनी हात वर केला. "अंग हलतंय," त्या म्हणाल्या आणि लगेच पाठ फिरवून नदीकडे बघायला लागल्या. त्यांची पाठही हलत होती.

नगराध्यक्ष चटईपाशी धावत आले. "बाई, आता?"

बाई डोळे पुसत होत्या. त्यांनी वर मोठ्या पडद्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

"तो पडदा बंद करा," त्या म्हणाल्या.

"बंद? अहो, त्याच्यावर तर सगळं दिसतंय."

"म्हणूनच तर म्हणतेय. स्वतःकडे बघत कुणाला गप्प उभं राहता येत नाही. माझ्याकडे कपडे घालून बघायला आलेला कुठलाही माणूस आरशासमोर स्थिर उभा राहत नाही. टाचणी लावायची असली की मी आरसा भिंतीकडे वळवते."

पडदा काळा झाला. लोकांनी निराशेने "अरे" केलं. पण हसू एकदा आत शिरलं की ते पडदा बंद केल्याने लगेच निघत नाही. मैदानात अजून इकडेतिकडे बुडबुडे फुटतच होते. बाईंनी काकांकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही बोला यांच्याशी."

"मी? मी काय बोलू?"

"तुम्ही एकतीस वर्षं उभ्या माणसांना सांभाळलंय की."

काकांनी माइक घेतला. घसा खाकरला. सवयीप्रमाणे समोर बघितलं आणि जे दिसत होतं ते बोलायला लागले.

"समोर चार हजार प्रवासी उभे आहेत," ते म्हणाले. "मी ड्रायव्हर होतो. तुमच्यातल्या निम्म्यांना मी कामावर सोडलंय. तेव्हा आता एक करा. समजा तुम्ही स्टॉपवर उभे आहात. ऑफिसला उशीर झालाय. गाडी येत नाहीये. मागची भरून गेली, थांबली नाही. तुम्ही रस्त्याच्या वळणाकडे बघताय. बघत राहा. गाडी अजून आलेली नाही."

असा शांतपणा बाईंनी कधी पाहिला नव्हता. चार हजार चेहऱ्यांवरचं हसू एकेक करून विझलं आणि त्या जागी ती सगळ्यांच्या ओळखीची, सोशिक, किंचित चिडलेली मुद्रा आली. वजन एका पायावर. हात मागे. नजर लांब कुठेतरी. काही जणांनी तर सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तसेच थबकून राहिले.

बाईंनी तिसरी, शेवटची बॅटरी घातली आणि ड्रोन पाण्यावर चढवला. शिट्टी झाली.

नदीवर वारा उठला होता. ड्रोन डुलायला बघत होता, बाई अंगठ्याच्या केसाएवढ्या हालचालीने त्याला धरून ठेवत होत्या, शिलाई सरळ रेषेवर ठेवतात तसं. काका माइक बाजूला ठेवून वर बघत पुटपुटत होते. "बगळा. आपल्या रस्त्यात नाही. दुसरा बगळा. हॉर्न देता आला असता तर बरं झालं असतं. गेला." त्या छोट्याशा पडद्यावर बदक आता फक्त बाईंना दिसत होतं. चार हजार माणसं मिळून एक गोष्ट झाली होती आणि त्यातल्या एकालाही ती दिसत नव्हती. बाईंना ते सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्यांनी ओठ चावला.

पाच मिनिटं झाली. परीक्षकबाईंनी पाचावर आणखी दहा सेकंद जाऊ दिले, खात्रीसाठी, आणि मग इतक्या जोरात शिट्टी फुंकली की नदीतली खरी बदकं उडाली.

"पडदा लावा," बाई म्हणाल्या. "अजून सहा मिनिटांची बॅटरी आहे."

पडद्यावर बदक पुन्हा आलं. डोळ्यातल्या बायकांना काही सांगावंच लागलं नाही. दातवाल्या बाईंनी हाताने कवळी दाबून धरली, "वाका ग," म्हणाल्या, आणि बदकाने सगळ्या गावाकडे बघून पुन्हा डोळा मिचकावला. मग परत, आणि परत. चोच उघडमीट करायला लागली. शेपटीतल्या लोकांनी डावीउजवीकडे पळून शेपटी हलवली. परीक्षकबाई नगराध्यक्षांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या आणि नगराध्यक्षांची दुसरी टोपी कुठे गेली ते शेवटपर्यंत सापडलं नाही. बॅटरीचा लाल दिवा लागल्यावर बाईंनी ड्रोन उतरवला. मग त्या चटईवरच खाली बसल्या. काका शेजारी बसले. मान अजून वरच होती, खाली यायला तयार नव्हती.

विक्रम नोंदला गेला. प्रमाणपत्र नगरपालिकेच्या जिन्यात लावलंय. पण लोकांना आठवतो तो डोळा मिचकावणारा व्हिडिओ, जो कुठल्याच पुस्तकात नाही. घारबाईंना लांबलांबून बोलावणी येऊ लागली. प्रत्येक ठिकाणी त्या पहिल्यांदा तेच सांगतात की डोक्यावरून उडवणार नाही, आणि कुणी वाद घातला तर साखर मागवतात. काकांच्या मानेला डॉक्टरांनी पट्टा दिला. तो लावल्यावर आकाश आपोआपच समोर येतं म्हणून ते खूश आहेत. शिवणाचं दुकान बाईंनी बंद केलेलं नाही. आठवड्यातले चार दिवस त्या अजून तिथे बसतात, खिडकीतून पाय बघतात.

विक्रम मात्र अकरा महिनेच टिकला. दुसऱ्या एका गावाने सहा हजार माणसांचं कासव केलं. हिरवे शर्ट, तपकिरी पाठ, पूर्ण दहा मिनिटं निश्चल. नगराध्यक्षांनी बातमी वाचली आणि तडक जिन्याखालच्या खोलीत आले.

"बाई, वाचलंत? आपलं बदक गेलं. कासवाने हरवलं. कुणी केलं असेल हो हे, एवढं नीट?"

बाई मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला नाही. कोपऱ्यातून काका पट्ट्यातली मान न हलवता म्हणाले, "डावीकडे बघा."

डावीकडे कापायच्या टेबलावर हिरव्या अस्तराचं एक कासव पसरलेलं होतं. फार लांब, मोठ्या डोक्याचं.

नगराध्यक्ष त्याच्याकडे बघत राहिले. "आपल्याच गावाशी फितुरी?" ते म्हणाले.

"त्यांनी विचारलं," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, कासव सोपं होतं. कासवाने हलावं असं कुणालाच वाटत नव्हतं." मग त्यांनी धागा तोडला, चष्मा कपाळावर चढवला आणि नगराध्यक्षांना बसायला स्टूल दिलं. "पुढच्या वर्षी काय करायचं बोला. पण या खेपेला हलणारं काहीतरी करू."